हर्णैहून गरवायला जायचंय, बोट लागू नये म्हणून काय करावं?

कोथरूडची_गरी

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण पुण्याहून हर्णैला जाऊन, बोटीने १५-१८ किलोमीटर आत, गरीने मासे धरायला जाणार आहोत. बोट फायबरची, ३२ फुटी, आतलं डिझेल इंजिन, प्रवासी न्यायचा परवाना आहे. सध्याचा बेत असा: शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर रात्री ९ ला निघायचं, ताम्हिणीमार्गे २ वाजेपर्यंत पोचायचं, पहाटे ४ ला बोटीत चढायचं, दुपारी ४ ला किनाऱ्यावर, आणि लगेच गाडी काढून पुणे.

सहापैकी दोघांना घाटात गाडी लागते. एकाला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइड चालू. एक मुलगा ११ वर्षांचा. बाकीच्यांना गाडी लागत नाही, पण समुद्रात आत कोणीच गेलेलं नाही. मागच्या महिन्यात खडकवासल्याला बोटीत बसून पाहिलं, कोणाला काही झालं नाही.

गोळी कोणती आणि नेमकी किती वाजता घ्यायची? उपाशीपोटी जावं की खाऊन? बोटीत बसायचं कुठे? आणि मनगटाचे पट्टे, आलं, लिंबू यांत कितपत तथ्य आहे?

ताम्हिणी_उतार

गोळीचं बघूच, पण आधी बेत बदला. या वेळापत्रकात ज्यांना गाडी लागत नाही त्यांनाही बोट लागण्याची दाट शक्यता आहे.

कारण सांगतो. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती सांगते की शरीर हलतंय. डोळे मात्र समोरची सीट, मोबाईल नाहीतर बोटीचा पाट बघून सांगतात की सगळं स्थिर आहे. दोन्हीचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळ. मुळशीचं पाणी मागे पडल्यावर ताम्हिणीची वळणं, माणगावनंतर मंडणगड-दापोलीचे चढउतार, तेही रात्री, बाहेरचं काही दिसत नसताना. हा गोंधळ तुम्ही गाडीतच सुरू करून ठेवता. एकदा चढलेली मळमळ पूर्ण उतरायला काही तास लागतात. तुमच्याकडे मध्ये दोनच तास आहेत, आणि झोप शून्य. जागरण झालेल्या माणसाला बोट लवकर लागते, यात शंका नको.

त्यामुळे शनिवारी सकाळी पुण्याहून निघा, दुपारी हर्णैत पोचा, रात्री ९ ला झोपा, रविवारी बोट. एक दिवसाची रजा नाहीतर एका रात्रीची खोली, एवढाच काय तो खर्च. घाटात गाडी लागणाऱ्या दोघांपैकी एकाला पुढच्या सीटवर बसवा आणि दुसऱ्याला शक्य असेल तर चालवायलाच द्या. चालवणाऱ्याला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं.

दुसरी गोष्ट, ४ वाजता निघू नका. जानेवारीत तिकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पावणेसातच्या आधी क्षितिज नीट दिसत नाही, आणि बोटीत डोळ्यांना धरून ठेवायला क्षितिज हीच एक स्थिर वस्तू असते. तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, साडेसहाची वेळ सांगा. अंधारात निघावंच लागलं तर उजाडेपर्यंत बोटीच्या मधोमध उताणं पडून डोळे मिटून घ्या. बॅटरी लावून सामान उपसत बसायचं नाही.

खडकवासल्याचं विसरा. धरणाच्या पाण्यावर वाऱ्याने आखूड लहरी येतात, त्या बोटीला थरथरवतात. दर पाच-सहा सेकंदांनी एकदा वर-खाली होणारी संथ हालचाल माणसाला सगळ्यात जास्त त्रास देते, आणि ती फक्त समुद्रात मिळते. तिथे काही झालं नाही याचा इथे काहीही अर्थ नाही.

औषधी_पेठ

औषधांपुरतं लिहिते. डोस मोठ्या, निरोगी माणसाचे आहेत. चिठ्ठी आपल्या डॉक्टरांकडूनच घ्या, विशेषतः तुमच्या गटातल्या दोघांसाठी.

मूळ नियम एकच: गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी पोटातून रक्तात गेलेली हवी. मळमळ सुरू झाली की जठराचं पुढे ढकलण्याचं काम मंदावतं. मग गिळलेली गोळी तिथेच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर बाहेर येते. "लागली तर घेऊ" म्हणून खिशात ठेवलेली गोळी बहुतेक वेळा वाया जाते.

आपल्याकडे सहज मिळणारी पहिली म्हणजे प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम, म्हणजे अॅव्होमिन. सकाळची बोट असेल तर आदल्या रात्री झोपताना एक. हिची झोप दाट असते आणि गुंगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रेंगाळू शकते, पण परिणामही तितकाच टिकतो. ज्यांना घाटात हमखास लागते त्यांच्यासाठी मी हीच धरेन.

दुसरी सिनारिझिन २५ मिलिग्रॅम, म्हणजे स्टुजेरॉन. निघायच्या दोन तास आधी एक, बेत लांबला तर सहा-आठ तासांनी दुसरी. गुंगी तुलनेने कमी, पण नाहीच असं नाही. पार्किन्सन असलेल्यांनी ही घेऊ नये. हीच ७५ मिलिग्रॅमचीही मिळते, ती चक्कर येण्याच्या आजारासाठी असते. दुकानातून घेताना पट्टीवरचा आकडा वाचा.

तिसरी डायमेनहायड्रिनेट ५० मिलिग्रॅम. अर्धा ते एक तास आधी. परिणाम चार-सहा तासच, आणि झोप बऱ्यापैकी.

यांतली कुठलीही एकच. दोन एकत्र घेतल्याने दुप्पट फायदा होत नाही, गुंगी मात्र दुप्पट होते. सर्दीची गोळी चालू असेल तर तिचे घटक बघा, कारण क्लोरफेनिरामिन याच जातीचं औषध आहे आणि गुंगीत भर घालतं. उलट सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन या कमी झोप आणणाऱ्या गोळ्या मेंदूत पुरेशा पोचत नाहीत, म्हणून बोटीवर त्यांचा उपयोग नाही. "ॲलर्जीचीच तर गोळी आहे, चालेल" हा समज काढून टाका.

काचबिंदू, प्रोस्टेट वाढलेलं, गरोदरपण, झोपेच्या गोळ्या चालू, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दारू आदल्या रात्रीही नको. या औषधांनी तोंड कोरडं पडतं आणि घाम कमी येतो. जानेवारीत चालून जाईल, पण एप्रिल-मेच्या उन्हात अंग तापतं आणि लक्षात येत नाही.

सर्वांत महत्त्वाचं: जी गोळी घेणार आहात ती आधी एका सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन पाहा. काहींना पंचवीस मिलिग्रॅममध्येही दिवसभर डोळे उघडवत नाहीत. हे ओल्या पाटावर, हातात गळ असताना कळण्यापेक्षा घरच्या सोफ्यावर कळलेलं बरं.

११ वर्षांच्या मुलासाठी बालरोगतज्ज्ञांकडून वजनाप्रमाणे डोस घ्या. २ ते १२ या वयात हा त्रास सर्वांत जास्त असतो, त्यामुळे त्याच्यासाठी तयारी पक्की हवी. त्यालाही आधी घरी देऊन पाहा, कारण काही मुलं प्रोमेथाझिनने झोपण्याऐवजी चिडचिडी आणि अस्वस्थ होतात.

ग्लिमेपिराइडवाल्यांसाठी: गोळी घेतली, नाश्ता केला आणि तो उलटून पडला, तर साखर खाली जाऊ शकते. थंड घाम, थरथर आणि गोंधळ ही बोट लागल्याची लक्षणं आहेत आणि साखर उतरल्याचीही. बोटीत ती वेगळी ओळखता येत नाहीत. ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर कोरड्या डब्यात, हाताशी. त्या सकाळचा डोस घ्यायचा की पुढे ढकलायचा हे डॉक्टरांशी आधी ठरवून ठेवा.

शिसं_आणि_दोरा

गरवणाऱ्याला बोट का लागते, ते बोटीच्या बाजूने लिहितो. नुसत्या फेरफटक्याला आलेल्या माणसाला लागत नाही पण गरी टाकणाऱ्याला लागते, असं का? कारण गरवताना बोट थांबलेली असते आणि मान खाली असते.

बोट चालू असताना ती लाट कापत जाते, समोरून वारा येतो, सगळे पुढे बघत असतात. जागेवर पोचून इंजिन बंद केलं आणि बोट वाहती सोडली की ती हळूहळू वाऱ्याला आडवी होते. लाट बगलेतून येते आणि बोट डाव्या-उजव्या अंगावर डोलायला लागते. वारा थांबल्यासारखा वाटतो, डिझेलचा आणि आमिषाचा वास तिथेच घुटमळतो. नेमक्या त्याच वेळी माणूस खाली वाकून, डोळे बारीक करून, गळाच्या नाकातून दोरा ओवत असतो. पहिल्या दहा मिनिटांतच जांभया सुरू होतात.

यातलं बरंच तुम्ही पुण्यातच टाळू शकता. समुद्रावर एकही गाठ मारायची नाही, हा नियम करा. घरी टेबलावर बसून माणशी आठ ते दहा साज तयार करा: ६० पाउंडाचा मोनो (एकपदरी नायलॉनचा) दोरा सव्वा मीटर, खाली शिशासाठी वळसा, त्याच्या वर वीतभर अंतरावर एक आणि त्याच्याही वर हातभर अंतरावर दुसरा असे दोन ४/० चे गळ, वरच्या टोकाला स्विव्हेल (गोल फिरणारी कडी). प्रत्येक साज फोमच्या पट्टीवर गुंडाळून गळाचं टोक फोममध्ये रुतवून ठेवा. रिळाच्या मुख्य दोऱ्याला शेवटी स्नॅप (उघडझाप होणारी कडी) बांधून आणा. मग साज तुटला, खडकात अडकला, तर नवीन अडकवायला पाच सेकंद लागतात आणि मान खाली घालावी लागत नाही. शिसं १५० आणि २०० ग्रॅमची, वेगवेगळ्या डब्यांत, म्हणजे चाचपून कळतात.

आमिषही किनाऱ्यावर कापा. बांगड्याचे बोटभर तुकडे, माकूलाच्या पट्ट्या, सोललेली कोळंबी, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, वर बर्फ. डबा बसणाऱ्यांच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला ठेवायचा, म्हणजे वास बाहेर जाईल. एका वेळी मूठभर काढा, झाकण लावा. उन्हात उघडा पडलेला बांगडा अर्ध्या तासात सगळ्या बोटीला आजारी करतो.

बसायची जागा: लांबीच्या मध्यापासून थोडी मागे, आणि जितकी खाली तितकी चांगली. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, सगळ्यात जास्त वर-खाली होतं. फोटोला ती जागा छान दिसते म्हणून नवखे तिथेच जाऊन बसतात. अगदी मागे हालचाल कमी, पण तिकडे धूर येतो. केबिनमध्ये तर बसूच नका, तिथे क्षितिज दिसत नाही आणि इंजिनाची उष्णता असते. चढण्यापूर्वी धुराची नळी कुठल्या अंगाला आहे ते तांडेलाला विचारा आणि लागणाऱ्या दोघांना दुसऱ्या अंगाला बसवा.

पद्धतीचा क्रमही महत्त्वाचा. सकाळी आधी चालत्या बोटीवर गळ ओढा. सुरमई तेव्हाच लागते, आणि हलत्या बोटीवर तासभर काढल्याने अंगाला सवय होते. तळाची गरवणी, म्हणजे तांबोशी-गोबऱ्यासाठी, नंतर करा. तीही ३०-४० मिनिटांच्या टप्प्यांत, मध्ये दहा मिनिटं बोट चालवून. वाहती सोडण्याऐवजी नांगर टाकला तर नाळ वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे राहते, डोलणं कमी होतं. नांगर टाकायची सोय नसेल तर पाण्यात सोडायची कापडी छत्री, सी-अँकर म्हणतात ती, नाळेला बांधून सोडली तरी बराच फरक पडतो.

गळाला मासा आहे का हे बोटांना कळतं, डोळ्यांनी दोरा बघत बसायची गरज नाही. दोरा तर्जनीवर ठेवा, नजर सुवर्णदुर्गाच्या तटावर नाहीतर क्षितिजावर. शक्य तितकं उभं राहा, गुडघे सैल, एक हात कठड्याला. उभा माणूस बोटीबरोबर डोलतो, बसलेल्याला बोट डोलवते.

कोथरूडची_गरी

सगळ्यांचे आभार. बेत बदलला, शनिवारी सकाळी निघतोय. @औषधी_पेठ ताई, एका मित्राने ऑन्डान्सेट्रॉन घ्यायला सांगितलंय, "उलटीवर सगळ्यात जोरदार तीच" म्हणून. शिवाय परदेशातून आलेल्या एकाकडे कानामागे लावायचा पॅच आहे. आणि खाण्याचं कोणीच लिहिलं नाही.

औषधी_पेठ

ऑन्डान्सेट्रॉन केमोथेरपी, शस्त्रक्रिया, पोटाचा संसर्ग यांतल्या उलट्यांवर उत्तम आहे. पण त्या उलट्यांचा रस्ता वेगळा. हालचालीने होणारी मळमळ कानातून सुरू होते आणि त्या वाटेवर ही गोळी काम करत नाही. डोम्पेरिडोनचंही तेच. म्हणून त्यांच्यावर विसंबून निघू नका.

पॅच स्कोपोलामाइनचा असेल. परिणाम चांगला आहे. निघायच्या किमान चार तास आधी, कानामागच्या केस नसलेल्या, कोरड्या कातडीवर लावायचा. ७२ तास टिकतो. कापून अर्धा करायचा नाही. लावल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण बोटाला लागलेलं औषध डोळ्यात गेलं तर बाहुली मोठी होऊन दिवसभर धूसर दिसतं. काचबिंदू आणि प्रोस्टेटवाल्यांना हाही नको, मुलाला तर मुळीच नाही. आणि दुसऱ्याच्या नावे लिहून दिलेलं औषध आहे, तेव्हा डॉक्टरांना दाखवूनच. पॅच लावला तर वरच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत.

आलं: अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, पण मळमळीला थोडा उतार पडतो असं अनेकांत दिसलं. सुंठ साधारण एक ग्रॅम, म्हणजे सपाट अर्धा चमचा, निघायच्या तासभर आधी, गुळात घोळून. बोटीवर आलेपाकाच्या वड्या सोयीच्या, चघळायला बऱ्या आणि तेवढीच साखरही पोटात जाते. मनगटाच्या पट्ट्यांचा पुरावा तोकडा आहे. अपाय काही नाही, मनाला आधार वाटत असेल तर घाला, पण गोळीऐवजी नको. लिंबू हुंगल्याने आमिषाचा आणि डिझेलचा वास झाकला जातो, एवढाच त्याचा खरा उपयोग. तोही छोटा नाही.

ताम्हिणी_उतार

खाण्याचं मी लिहितो. उपाशी जाऊ नका. रिकामं पोट जास्त ढवळतं, आणि ओकायला काहीच नसलं की कोरडे उमासे येतात, ते उलटीपेक्षा वाईट. गच्च पोटही नको.

कोकणात पोचल्या पोचल्या तळलेल्या सुरमईचं ताट आणि वर सोलकढी हा मोह सगळ्यांना होतो. तो बोटीवरून परत आल्यावर. आदल्या रात्री आठपर्यंत वरण-भात, भाकरी, साधी भाजी. तळलेलं, तिखट आणि जड नारळाचं काही नको. सकाळी निघायच्या दोन तास आधी दोन इडल्या किंवा कमी तेलाचे वाटीभर पोहे. चहाची सवय असेल तर अर्धा कप, नाहीतर डोकं दुखेल. दूध नको.

बोटीवर खाकरा, मारी बिस्किट, चुरमुरे, केळं. तासातासाला दोन घास, भूक लागायची वाट न बघता. पाणी अर्ध्या तासाला दोन-तीन घोट. बरेच जण लघवीची अडचण म्हणून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं आणि ते बोट लागल्याचं समजतात.

मतलई

हवामानाबद्दल कोणी लिहिलेलं नाही, आणि अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी कोकण किनाऱ्यावर रोजचं गणित ठरलेलं असतं. रात्री जमीन थंड होते, पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो किनाऱ्याजवळ लाट उठू देत नाही. दुपारी जमीन तापली की खारा वारा सुरू होतो, वायव्येकडून. तीन-चारच्या सुमारास तो सर्वात जोरात असतो. तुम्ही परतीची वेळ दुपारी ४ ठेवली आहे, म्हणजे दिवसातलं सर्वात वाईट पाणी परतीसाठी राखून ठेवलंय. तेव्हा बोट पूर्वेला येत असते आणि लाट मागच्या कोपऱ्यातून. बोट एका अंगावर कलते, सावरते, पुन्हा कलते. वारा पाठीमागून असल्यामुळे धूरही बोटीबरोबरच चालतो. सकाळभर ठणठणीत असलेले लोक परतीच्या तासाभरात आडवे होतात ते यामुळे. ११ ला गऱ्या गोळा करा, साडेबारापर्यंत किनारा गाठा.

अंदाज कुठे बघायचा: हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या स्थितीचे अंदाज मोफत देते, हवामान खात्याचे मच्छीमारांसाठीचे इशारेही रोज येतात. लाटेची उंची एवढंच बघू नका. तिथे दिलेली उंची म्हणजे सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. अधूनमधून तिच्या दुप्पट लाट येतेच. शेजारी सेकंदांत कालावधी दिलेला असतो, तो जास्त बोलका. एक मीटरची लाट १२ सेकंदांची असेल तर बोट सावकाश उचलली जाते आणि उतरते. तीच एक मीटर ५ सेकंदांची असेल तर उभी, आखूड लाट, आणि तीच माणसाला झोपवते.

नवख्या सहा जणांना ३२ फुटी बोटीत न्यायचं तर माझी मर्यादा: लाट पाऊण मीटरपर्यंत, वारा ८ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी १५ किलोमीटर. एक मीटर आणि ६ सेकंदांच्या आत असेल तर बेत एक दिवस पुढे ढकला. दीड मीटरला मुळीच नाही, पैसे गेले तरी. अंदाज हाताशी नसेल तर किनाऱ्यावरून बघा: वारा १०-१२ नॉटवर गेला की समुद्रावर सगळीकडे पांढरे फेसाळ तुरे दिसायला लागतात. सकाळी ७ लाच तुरे दिसत असतील तर आत जाऊन सुधारणार नाही.

तिथीही बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जास्त, अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा कमी. खाडीच्या तोंडातून बाहेर पडणार असाल तर ओहोटीचं पाणी बाहेर आणि वारा आत अशी गाठ पडली की तिथे लाट उभी राहते. ती दहा-पंधरा मिनिटंच असते, पण दिवसाची सुरुवातच तशी झाली तर पोट पुन्हा जागेवर येत नाही.

शिसं_आणि_दोरा

@मतलई यांच्या परतीच्या वेळेला पूर्ण सहमती.

लागायला लागली तर काय, तेही लिहून ठेवतो. उलटी एकदम येत नाही. आधी जांभया, मग माणूस बोलायचा बंद होतो, चेहरा पांढुरका पडतो, वरच्या ओठावर थंड घाम, तोंडाला पाणी सुटतं. जांभयांच्या टप्प्यावर ऐकलं तर सावरता येतं: गरी गुंडाळा, उभे राहा, वाऱ्याकडे तोंड, नजर क्षितिजावर. श्वास पोटातून आणि सावकाश, मिनिटाला सहाच्या आसपास. वीस मिनिटांनी बरं वाटलं नाही तर बोटीच्या मधोमध उताणं, डोळे मिटून, टोपी चेहऱ्यावर. तोंडाला पाणी सुटल्यावर उभं राहून काही उपयोग नाही, तेव्हा आडवंच व्हा.

उलटी होणार असेल तर वाऱ्याखालच्या अंगाला, गुडघे टेकून, लाइफ जॅकेट घातलेलं, आणि दुसऱ्या कोणीतरी जॅकेटचा मागचा पट्टा धरलेला. कठड्यावरून ओणवं होऊन ओकताना माणसं पाण्यात पडतात. मुलाला तर कठड्याशी नेऊच नका, झाकणाची बादली द्या.

उलटीनंतर पंधरा-वीस मिनिटं बरं वाटतं. बहुतेक जण त्या वेळात पुन्हा गरी उचलतात. ती वेळ पाण्यासाठी वापरा: चूळ भरा, दहा मिनिटं थांबा, मग ओआरएस दर दोन मिनिटांना एक मोठा घोट. पाकिटावर लिहिलेल्या मापाएवढंच पाणी. एक लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं तर द्रावण घट्ट होतं आणि त्रास वाढतो. डब्ल्यूएचओचं सूत्र असल्याचं पाकिटावर लिहिलेलं असतं ते बघून घ्या, नुसती गोड पेयं नकोत. सहा जणांना चार पाकिटं आणि साधं पाणी वेगळं.

घोटभर पाणीही तासाभरात टिकत नसेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, उलटीत रक्त दिसलं, किंवा मधुमेहवाल्यांची साखर ७० च्या खाली गेली, तर ग्लुकोज द्या आणि लगेच बोट वळवा. हे तांडेलाला निघतानाच सांगून ठेवा: आमच्यातल्या एकाने सांगितलं तरी परत फिरायचं, पैसे पूर्ण देऊ. पैशाचं आधीच बोललेलं असलं की भर समुद्रात घासाघीस होत नाही.

कोथरूडची_गरी

शेवटचा प्रश्न. दोघं अॅव्होमिन घेतील, बाकीचे तिघे मोठे स्टुजेरॉन. साडेबाराला किनाऱ्यावर आलो, जेवलो, तर ३ वाजता पुण्याला निघालेलं चालेल ना?

औषधी_पेठ

गोळी घेतलेल्या कोणीही त्या दिवशी गाडी चालवू नये. तुमच्या यादीप्रमाणे पाचही मोठ्या माणसांच्या पोटात गोळी असेल, म्हणजे घाट चालवायला कोणीच उरत नाही. अॅव्होमिनवाल्यांना रविवारी संध्याकाळपर्यंत जडपणा राहू शकतो. जागे वाटत असले तरी ब्रेकवर पाय जायला उशीर होतो. सिनारिझिनवाल्यांनी पहाटे साडेचारला घेतली तरी दुपारच्या जेवणानंतर, उन्हात, डोळे मिटायला लागतात.

शिवाय बोटीतून उतरल्यावर काही तास जमीन हलल्यासारखी वाटते. कानाला डोलण्याची सवय लागलेली असते, ती उतरायला वेळ लागतो. तशा स्थितीत वळणाचा रस्ता नको.

सोमवारी सकाळी निघा. ते जमत नसेल तर पुण्याहून ड्रायव्हर बरोबर घ्या आणि त्याला बोटीत नेऊ नका.

ताम्हिणी_उतार

ड्रायव्हर घेतलात तर शनिवारी रात्री त्याच्या झोपण्याचीही नीट खोली बघा, गाडीत झोपायला लावू नका. रविवारी घाट त्यालाच चढायचाय.

कोथरूडची_गरी

सोमवारची रजा टाकली. दोन्ही रात्रींची खोली आणि साडेसहाची बोट ठरली. रविवारचा भांग आहे का ते आत्ता कालनिर्णयात बघतो.